सात वाजता झोपणारा टीव्ही

साताऱ्यात मी सत्तावीस वर्षं बालवाडी चालवली. चाळीस पोरं एका सतरंजीवर बसवायची सवय असलेली बाई मी. तरी लेकीकडे इंग्लंडात, रेडिंगला गेले आणि एका साडेतीन वर्षांच्या मुलीने पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडाला फेस आणला. मुलगी म्हणजे माझी नात, घरातलं नाव चिमी. लेक-जावई दोघंही नोकरीवर, चिमीची नर्सरी आठवड्यातून तीन दिवस. उरलेले दोन दिवस आणि रोजची संध्याकाळ माझ्या वाट्याला. मी ऑक्टोबर ते मार्च तिथे होते, म्हणजे नेमका हिवाळा. डिसेंबरात चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो. अंगण नाही, शेजारी ओळखीचं नाही. घरात मी, ती आणि भिंतीवरचा टीव्ही.

आता आमच्या आळीतल्या दोघीजणी अशाच सहा महिन्यांसाठी निघाल्यात आणि दोघींचाही पहिला प्रश्न तोच: पोरीला टीव्ही लावून द्यायचा का? मी म्हणते, लावा. पण आधी माझी फजिती ऐका, मग रिमोट हातात घ्या.

पहिल्या मंगळवारची गोष्ट. मेथीच्या दोन जुड्या निवडायच्या होत्या. चिमीला ‘हे डग्गी’ लावून दिलं. डग्गी म्हणजे एक मोठा तपकिरी कुत्रा, त्याच्याकडे प्राण्यांची पाच पिल्लं येतात, काहीतरी उद्योग करतात आणि शेवटी बिल्ला मिळवतात. एक भाग सात मिनिटांचा. मी म्हटलं, दोन भागांत मेथी निवडून होईल. पण ते लावलं होतं बीबीसीच्या आयप्लेअरवर, म्हणजे हवा तो कार्यक्रम हवा तेव्हा लावायची सोय असते त्यावर. तिथे एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. मेथी झाली, कणीक मळून झाली, कूट करून झालं. घड्याळ बघितलं तर सव्वा तास उलटलेला, अकरावा भाग चालू. मी बटण दाबून बंद केला आणि पोरीने जे भोकाड पसरलं, ते अर्धा तास थांबेना. चूक तिची नव्हतीच. जी गोष्ट संपतच नाही ती कुणीतरी मधेच हिसकावून घेतल्यासारखी तिला वाटली.

त्या रात्री जावयाने मला दुसरी वाट दाखवली. आयप्लेअर बाजूला ठेवायचा आणि साधं चॅनेल लावायचं. नाव सीबीबीज. बीबीसीचंच, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, ११ फेब्रुवारी २००२ पासून चालू असलेलं. अँटेनावर फुकट दिसणाऱ्या चॅनेलांना तिकडे फ्रीव्ह्यू म्हणतात, त्यात २०२ नंबर दाबला की येतं. तुमच्या लेकीकडे दुसऱ्या कंपनीचा डबा असेल तर नंबर वेगळा असेल, तो कागदावर लिहून फ्रिजला चिकटवून घ्या. चष्मा शोधेपर्यंत पोर थांबत नाही.

या चॅनेलला जाहिराती नाहीत. हे मला फार मोठं वाटलं. मधेच चॉकलेट नाही, खेळणं नाही, “आजी मला हे हवं” नाही. त्याचे पैसे लोकच भरतात, टीव्ही लायसन्स म्हणून. एप्रिल २०२५ मध्ये ते वर्षाला १७४.५० पौंड झालं. कुठलंही चॅनेल थेट बघायचं असेल किंवा आयप्लेअर लावायचा असेल तर ते लागतंच, तेव्हा लेकीने भरलंय ना एवढं विचारून ठेवा. आपल्याकडेही रेडिओचं लायसन्स असायचं, वडील पोस्टात जाऊन भरायचे, ते मला आठवलं. आणि हो, तुमचं नातवंड ‘पेपा पिग’ मागेल, म्हणजे कार्टूनमधली डुकरीण. ती सीबीबीजवर नसते, फाइव्ह नावाच्या चॅनेलवर सकाळी लागते. उगाच शोधत बसू नका.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी गोष्ट ही की चॅनेल संध्याकाळी सात वाजता बंद होतं. सकाळी सहाला सुरू, सातला बंद, रोज. बंद म्हणजे खरंच बंद. मी मुद्दाम सव्वासातला लावून बघितलं, कुणी नव्हतं.

वेळ कशी बांधायची

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त पडदा नको, कमी असेल तर उत्तमच. एक वर्षाच्या आतल्यांना तर अजिबात नको. मी तो तास घरखर्चाच्या पैशासारखा दोन पाकिटांत घातला.

दुपारचं पाकीट वीस मिनिटांचं, जेवण झाल्यावर. यात डग्गीचे दोन भाग आणि ‘नंबरब्लॉक्स’ या अंकांच्या कार्यक्रमाचा एक. सात, सात आणि पाच, झाली एकोणीस मिनिटं. हे मात्र मी आयप्लेअरवरूनच लावायचे, पण आधी जावयाकडून आपोआप पुढचा भाग लागायची सोय बंद करून घेतली. सेटिंगमध्ये ऑटोप्ले म्हणून असतं, ते बंद करा. मुलाच्या नावाचं वेगळं प्रोफाइलही काढता येतं, त्यात फक्त मुलांचेच कार्यक्रम दिसतात. ही दोन कामं लेकीला ऑफिसला जायच्या आत करायला लावा.

संध्याकाळचं पाकीट सहा वीस ते सात, थेट चॅनेलवर. त्यात मागेपुढे करायची सोय नाही, “अजून एक” म्हणायची सोय नाही. चिमीने दोन दिवस म्हणून बघितलं. तिसऱ्या दिवशी तिने टीव्हीलाच विचारलं, तो काही बोलला नाही, मग सोडून दिलं. भांडण माझ्याशी राहिलंच नाही!

चाळीस मिनिटं तिथे नुसती बसून घालवायला जिवावर येतं, कबूल आहे. तरी बसा. मी लसूण सोलायचे. हात चालू, डोळे तिच्याबरोबर.

बघताना किती बोलायचं

इथे बहुतेक आज्या चुकतात. पडद्यावर कुत्रा आला की “हा बघ कुत्रा, काय आहे? कुत्रा! म्हण कुत्रा!” पोर वैतागतं. बालवाडीत आमचा नियम होता की गोष्ट चालू असताना प्रश्न विचारायचा नाही. इथेही तोच. टीव्ही चालू असताना मी फार तर एक वाक्य बोलायचे, तेही स्वतःशी बोलल्यासारखं. “अरे बापरे, पाणघोडा पडला की!” बास.

डग्गीच्या पाच पिल्लांना मी पहिल्याच आठवड्यात मराठीत आणलं. रोली म्हणजे पाणघोडा, टॅग म्हणजे गेंडा, हॅपी म्हणजे मगर, नॉरी उंदीर आणि बेटी ऑक्टोपस. ऑक्टोपसला मराठी शब्द मला सुचेना, तर चिमीनेच आठ पाय मोजले आणि तिला “आठपाय्या” केलं. पंधरा दिवसांत ती टीव्हीसमोर स्वतःच म्हणायची, “आजी, गेंडा रडतोय.” चॅनेल इंग्रजीच होतं, त्याला काय करणार? पण सोफ्यावर मराठी चालायचं.

टीव्ही बंद झाल्यावर मात्र लगेच काहीतरी हाताला द्या. मी नाश्त्याच्या सीरियलच्या रिकाम्या खोक्याचे गोल कापून बिल्ले केले. पिन लावू नका, चिकटपट्टीची गुंडाळी मागे लावली की स्वेटरला छान बसतं. पहिला बिल्ला चपला जागेवर ठेवल्याचा. दुसरा मटार सोलल्याचा. तिसरा, बाबाला उठवल्याचा, हा तिने स्वतः काढला आणि बाबाला रविवारीही सातला उठावं लागलं, ते त्याला जड गेलं. डग्गी प्रत्येक भागाच्या शेवटी सगळ्या पिल्लांना मिठी मारतो. तीही बिल्ल्याबरोबर द्यावी लागते, विसरलात तर आठवण करून दिली जाते.

नंबरब्लॉक्सबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मी आयुष्यभर मण्यांच्या पाटीवर अंक शिकवले आणि हे बघून मलाच हेवा वाटला. अंक म्हणजे ठोकळ्यांची माणसं. एक हा एकच लाल ठोकळा, दोन नारिंगी, तीन पिवळा. चार हिरवा, तो उभाही राहतो आणि दोनावर दोन असा चौकोनही होतो, आणि चौकोन झाल्याचं त्याला भारी कौतुक. एकावर तीन उडी मारून बसले की झाला चार. बेरीज अशी डोळ्यांना दिसते. आम्ही ते पोळपाटावर केलं. कणकेच्या लहान गोळ्या, दोन ओळी दोन-दोनच्या. पाचवी गोळी आणली तर चौकोन मोडला. चिमी म्हणाली, “पाचला बसायला जागा नाही.” मी बालवाडीत असते तर हे वाक्य फळ्यावर लिहिलं असतं.

एक अडचण मात्र येते. इंग्रजीत वीस आधी आणि एक नंतर, आपल्याकडे एकवीसमध्ये एक आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं वाचायला दिलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला, मीही तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांतली. पडद्यावर दहाचे दोन खांब आणि वर एकुलता एक लाल ठोकळा बघितल्यावर त्या पुस्तकवाल्यांचं म्हणणं निदान कळलं. तरीपण चिमीला मी एकवीसच शिकवणार. सध्या दहापर्यंतच गाडी आहे, तेव्हा पुढचं पुढे.

कोपर आणि बाम

आता मिस्टर टम्बल. ‘समथिंग स्पेशल’ नावाचा कार्यक्रम, २००३ पासूनचा. जस्टिन फ्लेचर नावाचा माणूस विदूषकासारखा पोशाख करून येतो, त्याच्याकडे ठिपक्याठिपक्यांची पिशवी असते आणि तीन वस्तू शोधायच्या असतात. मला आधी फार बाष्कळ वाटला. पण तो बोलताना सारखे हात हलवतो, त्याकडे माझं लक्ष नव्हतं.

एका दुपारी मी चहा ठेवला होता. चिमी आली आणि उजव्या हाताची बोटं वाकवून डाव्या कोपरावर टकटक करायला लागली. मी विचारलं, “लागलं का गं?” तिने परत टकटक केली. मी घाबरले, पडली असणार कुठेतरी. बाही वर केली, कोपर तपासलं, पिशवीतून बाम काढून चोळायला घेतला. ती आधी बघत राहिली, मग ओरडली. बाम झोंबला म्हणून नव्हे, बिस्किट मिळेना म्हणून! संध्याकाळी लेक हसून हसून खाली बसली. कोपरावर टकटक म्हणजे बिस्किट. त्या खुणांना मॅकाटॉन म्हणतात. ज्यांना बोलायला अवघड जातं त्यांच्यासाठी इंग्लंडात १९७० च्या दशकात ही पद्धत तयार झाली. खूण करायची आणि तोंडाने शब्दही बोलायचा, दोन्ही एकदम.

मग मी टम्बलला मानाने बसून बघायला लागले. हनुवटीपासून सपाट हात पुढे आणला की थँक्यू. अंगठा वर म्हणजे छान. गंमत अशी की खुणेला भाषा नसते. चिमी हात हनुवटीपासून पुढे आणायची आणि मी म्हणायचे “आभारी आहे हं,” तीही तेच म्हणायला लागली. तुमचं इंग्रजी तुटकं असेल आणि पोराचं मराठी तुटकं असेल तर हा कार्यक्रम चुकवू नका. तुम्हालाच जास्त उपयोग होईल.

याच चॅनेलवर सेरी बर्नेल नावाची निवेदिका होती, तिला जन्मापासूनच उजवा हात कोपराखाली नाही. ती २००९ मध्ये आली तेव्हा मुलं घाबरतील म्हणून काही पालकांनी तक्रारी केल्या होत्या. ती २०१७ पर्यंत काम करत होती. हे लेकीने सांगितलं तेव्हा मला आमच्या बालवाडीत पायाला कॅलिपर लावून येणारा एक मुलगा आठवला. इतर मुलांनी दोन दिवस विचारलं, तिसऱ्या दिवशी त्याच्या कॅलिपरवर खडूने गाडीचा नंबर लिहिला. महिनाभर कुजबुजत होते ते आईबाप. बसमध्ये, दुकानात पोराने असं काही मोठ्याने विचारलं तर त्याचं तोंड दाबू नका, सरळ उत्तर द्या.

बाकीच्या कार्यक्रमांची माझी यादी अशी. ‘जोजो अँड ग्रॅन ग्रॅन’ आजीने बघावाच. कॅरिबियन बेटांतल्या सेंट लुसियाहून आलेली आजी आणि तिची नात. ‘ब्लूई’ हा ऑस्ट्रेलियातला, त्यातला बाप इतका खेळतो की आपल्या जावयावर उगाच दडपण येतं. ‘बिंग’ नावाचा ससा मला सहन होत नाही, साध्या साध्या गोष्टीला रडतो आणि चिमी नेमकं तेच उचलते. पण त्याला सांभाळणारा फ्लॉप कधी आवाज चढवत नाही. एका शनिवारी दूध सांडल्यावर मी खेकसले, तर ही चारफुटीसुद्धा नसलेली बया मला म्हणाली, “आजी, फ्लॉप असं बोलत नाही.” बंद केला बिंग.

सहा वीस ते सात

संध्याकाळी आधी ‘इन द नाइट गार्डन’. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा काही म्हणजे काही कळलं नाही. निळं बाहुलं, लाल घोंगडी, दगड धूत बसणारा एक बुटका, आणि डेरेक जॅकोबींचा संथ आवाज. दहाव्या मिनिटाला माझीच मान पडली. तेच त्याचं काम आहे हे नंतर लक्षात आलं.

त्याची सुरुवात मात्र नीट बघा. अंथरुणात पडलेलं एक मूल आणि त्याच्या तळहातावर मोठ्या माणसाचं बोट गोल गोल फिरतंय. मी चमकलेच. आपण तळहातावर मोर बसवतो, त्याला चारा देतो, पाणी पाजतो आणि भुर्र उडवून लावतो, तोच खेळ की हा! त्या दिवसापासून नियम झाला. पडद्यावर बोट फिरायला लागलं की चिमी तळहात पुढे करायची आणि आमचा मोर बसायचा. तो उडाला की गुदगुल्या मात्र करायच्या नाहीत. झोपेची वेळ आहे, मोर हळू उडवा.

सातला दहा कमी असताना गोष्ट. रोज कुणीतरी पुस्तक घेऊन बसतं आणि सरळ कॅमेऱ्यात बघून वाचतं. नट येतात, गायक येतात. डॉली पार्टन येऊन गेली, २०१६ मध्ये तर टिम पीक नावाच्या अंतराळवीराने अवकाश स्थानकातून गोष्ट वाचली होती. गोष्ट पाच-सात मिनिटांची. मग निरोपाचं गाणं आणि बंद.

मला कौतुक वाटलं म्हणून जावयाने एक जुनी हकिकत सांगितली. इंग्लंडात १९५७ पर्यंत संध्याकाळी सहा ते सात सगळा टीव्हीच बंद ठेवायचे, आईबापांनी लहान मुलांना झोपवावं म्हणून. त्याला लोक ‘टॉडलर्स ट्रूस’ म्हणायचे, म्हणजे चिमुकल्यांसाठीचा युद्धविराम. आमच्याकडे मुंबई दूरदर्शनवर ‘किलबिल’ लागायचं तेव्हा ते बघायला आळीतली पोरं एका घरात जमायची आणि संपलं की दार लावून घ्यायचे लोक. पोरांना उठवायचं काम तिथेही टीव्हीच करायचा, आपल्याला वाईटपणा नाही.

बंद करायचं बटण पोरालाच दाबू द्या. गाणं संपलं की मी रिमोट चिमीच्या हातात द्यायचे. “टीव्हीबाई, झोपा आता,” म्हणायची आणि दाबायची. मग दात घासणं, आणि अंथरुणात चिऊकाऊची गोष्ट, दिवा मालवून. ही दुसरी गोष्ट सोडू नका, पडद्यावरची झाली म्हणून आपली रद्द करू नका. मी एकदा गुडघे दुखतात म्हणून केली, तर चिमी रात्री दोनदा उठली.

परत आल्यावर

मार्चमध्ये मी साताऱ्याला आले आणि नवीन अडचण. तिकडे संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे रात्रीचा साडेबारा, आणि मार्चअखेर त्यांची घड्याळं पुढे सरकली की साडेअकरा. एवढ्या रात्री फोनवर गोष्ट सांगणं मला झेपत नाही. मग मी त्या चॅनेलचीच नक्कल केली. दर रविवारी तीन गोष्टी मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवते. फोन आडवा धरून पाठीला डब्याचा टेकू. उजेड तोंडावर, खिडकी समोर घ्या, मागे नको, नाहीतर आजीचं भूत दिसतं. सरळ कॅमेऱ्याच्या टिकलीत बघायचं, पडद्यावरच्या आपल्या तोंडाकडे नाही. पाच मिनिटांच्या वर जायचं नाही. चित्र दाखवलं तर दहा आकडे मोजेपर्यंत हलवायचं नाही. कुकरची शिट्टी आली तर येऊ दे, चिमीला ती आवडते.

आणि शनिवारी दुपारी साडेचारला, माझ्या चहाच्या वेळेला, व्हिडिओ कॉल. तिकडे तेव्हा बारा वाजलेले असतात. मी कप घेऊन बसते, ती समोर येते, काही बोलायच्या आधी डाव्या कोपरावर टकटक करते. मी पार्लेचा पुडा फोडून एक बिस्किट कॅमेऱ्यासमोर धरते. ती म्हणते, “आजी, तू खा.” मग मी चहात बुडवते आणि नेहमीप्रमाणे अर्धं आत पडतं.